कातडं राखणारी गोळी

माझ्या आईने आयुष्यभर भोकं बुजवली. वडील सुरतेच्या बमरोलीत लूमवर होते, आणि मिलमधून नापास होऊन आलेलं कापड आई घरी घेऊन बसायची. कधी साड्या, कधी मखमल. कापड खिडकीच्या उजेडात धरायचं, भोक दिसलं की त्याच कापडाच्या काठातून एक धागा ओढून काढायचा आणि त्यानेच ते भरायचं. बाहेरचा धागा तिला चालत नसे. आता तिची नजर अधू झाली आहे, तरी गल्लीतल्या बायका फाटलेलं घेऊन तिच्याकडेच येतात, आणि ती बोटांनी चाचपून सांगते, हे होईल, हे होणार नाही.

माझा मोठा भाऊ इथेच असतो, धाकटा कॅनडात मेंढ्यांच्या एका फार्मवर कामाला आहे. धुळ्याकडून पोटासाठी सुरतेला आलेल्या माणसाचा मुलगा तिकडे जाऊन मेंढ्या राखतो, हे आमच्या नातेवाइकांच्या पचनी पडलेलं नाही. त्यांच्या लेखी तो फॉरेनला कंपनीत आहे. मीही खोडून काढत नाही, उगाच कोण डोकं लावणार.

तिथे कोयोट नावाचं जनावर असतं, आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधलं. ते कोकरं उचलून नेतं. मालकाने भावाला बंदूक चालवायला शिकवली, परवाना काढायला लावला, आणि हिवाळ्यात अंगावर दाट केस असताना मारलेल्या कोयोटचं कातडं त्यानेच ठेवावं असं ठरलं. हे त्याने आईपासून लपवलं होतं. मग एके दिवशी आपणहून तिच्यापुढे मांडून बसला.

झालं असं, की पहिल्याच कातड्याला तळहात आरपार जाईल एवढं भोक पडलं. आता भोक म्हटल्यावर आमच्या घरात विचारायचं कुणाला? त्याने सवयीने आईलाच व्हिडिओ कॉल लावला आणि कातडं कॅमेऱ्यापुढे धरलं. "माय, हाई शिवाई जाई का?"

आईने चष्मा चढवला. "आतली बाजू दखाड," म्हणाली. त्याने कातडं उलटं केलं. "मखमलसारखंच शे. मांगून शिव. लव दाबू नको." एवढं सगळं नीट समजावून झाल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "पन हाई शे कसानं?"

"जनावरनं."

"कोनी मारं?"

"मी."

"खातस का तुम्ही ते?"

"नही, माय."

आईने फोन माझ्या हातात दिला आणि ओट्याकडे वळली. पाठमोरीच बोलली, "यंदा त्यानी मूठ नही."

ही मूठ काय ते सांगायला हवं. श्रावणात आमची खानदेशी देवी, कानबाई, घरात बसते. तिच्या रोटांसाठी गहू मोजून घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून आणायचे आणि त्याचे रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचे. भाऊ कॅनडात गेल्यापासून त्याच्या नावाची मूठ आईने एकदाही चुकवलेली नव्हती. तो तिकडे काहीही खात असो, कुठेही झोपत असो, त्या दिवशी तो या घरात असतो. पोरींच्या नावाची मूठ नसते. माझी कधीच नव्हती, आणि त्याचं मला वाईट वाटतं, ते इथेच सांगून मोकळी होते. म्हणूनच ज्याची आहे त्याची जाणं म्हणजे काय, ते मला चांगलं कळत होतं.

आई मटण खाते आणि तिच्यासारखा रस्सा आमच्यात कुणाला जमत नाही, तेव्हा तिच्या रागाला कुणी अहिंसेचं नाव देऊ नये. खायचं नाही तर मारायचं कशाला, एवढंच तिचं म्हणणं. कोकरांचं मी सांगून पाहिलं. "मंग मारो," ती म्हणाली, "कातडं कसाले पाहिजे?"

भाऊ मात्र भोकाच्या मागे लागला आणि मलाही त्यात ओढलं. मी शाळेत गणित शिकवते. बंदूक पाहिली आहे ती बँकेच्या दारातल्या वॉचमनची. पण सकाळी मी चहा घेत असते तेव्हा तिथे त्याची संध्याकाळ असते, आणि काही दिवसांत मी बिस्किट बुडवता बुडवता गोळ्यांवर मतं देऊ लागले. त्याने आधी वापरली ती हरणासाठीची, मऊ टोकाची. ती आत शिरून फुलते आणि पलीकडून बाहेर पडताना कातडं फाडून जाते. कातडं राखायचं तर दोन रस्ते. एक, जाड कवचाची, टोक बंद असलेली गोळी. ती सरळ आरपार जाते आणि दोन्हीकडे बारीक भोक ठेवते, सुईने पाडल्यासारखं. दुसरी, हलकी, फार वेगाची आणि पातळ कवचाची. ती आत गेल्यावर तिथेच फुटून जाते, बाहेर येतच नाही. पण फार जवळून मारली किंवा खांद्याच्या हाडावर बसली, तर वरच्यावर फुटते आणि कातड्याची चिंधी होते.

या गोळ्यांची तिकडे जाहिरातच असते म्हणे, कातड्याला जपणारी गोळी. जनावराला नव्हे, कातड्याला. मी हसले. तो हसला नाही.

त्याने जाड कवचाची घेतली. मीच म्हणाले होते, दोन बारीक भोकं तर आई फोनवरूनसुद्धा बुजवेल. पुढे त्याच हिवाळ्यात एकदा त्याचा कॉल आला आणि तो बराच वेळ नुसता बर्फाबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, लागली होती त्याला. नीट लागली होती. तरी ते पळालं." गोळी शिरली तशी निघून गेली होती. बर्फावरच्या थेंबांमागून तो उजेड होता तोवर चालला. पुढे झाडी लागली आणि थेंबही दिसेनासे झाले. "कातडं चांगलं राहिलं असेल त्याचं," तो म्हणाला आणि रडायला लागला.

मी हे आईला सांगितलं. खरं तर त्याचा आणि तिचा, दोघांचाही राग आला होता म्हणून सांगितलं. चार-आठ दिवसांनी भाजी निवडताना तिने एकदम विचारलं, "सापडनं का ते?" मी म्हटलं, "नही, माय." होळी झाली, अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, शाळा सुरू झाल्या, तरी मधूनच विचारायची, "सापडनं का?" तिकडे बर्फही कधीच वितळून गेला होता. मूठ हा शब्द मात्र तिने काढला नाही, आणि भावाची तिला विचारायची हिंमत नव्हती. तो मला विचारायचा, "माय काय म्हणते?" मी म्हणायचे, "विचार की तिलाच." आमच्या घरात सगळेच असे शूर.

नागपंचमी झाली. रविवारी कानबाई बसणार, म्हणून आईने गव्हाचा डबा काढला आणि पुढ्यात पातेलं घेतलं. वडील आता नाहीत, म्हणून आधी मोठ्या भावाची मूठ, मग त्याच्या मुलांच्या मुठी असं चाललं होतं. मुलांचं झालं आणि तिचा हात डब्यातच राहिला.

"कोनती लेस तो आते?" तिने विचारलं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं, तो आता कोणती गोळी घेतो ते विचारते आहे. इतके महिने ही सगळं ऐकत होती तर.

"आत फुटस ती," मी म्हणाले. "ती जाड कवचाची त्याने परत करून टाकली."

"जागावर पडस ना जनावर?"

"नीट लागलं तर पडस. पण माय, चुकून हाडावर बसली तर कातडं जाईल. मोठं भोक पडेल."

"पडी तं पडू दे," आई म्हणाली. "भोक भरता येस."

आणि तिने मूठ भरली. पातेल्यात सोडली, पुन्हा डब्यात हात घातला.

मी गॅलरीत जाऊन भावाला फोन लावला. खाली चक्कीवर बायकांची रांग लागली होती आणि कुणीतरी मोठ्याने भांडत होतं, त्यामुळे मला ओरडूनच सांगावं लागलं, घेतली, तुझी मूठ घेतली.

तो म्हणाला, "नुसती मूठ, का सव्वा?"

"सव्वा," मी म्हणाले. "वरची पाव माझ्यासमोर घातली."

त्याने नाक ओढलं. मी मुद्दामच विचारलं, सर्दी झाली का रे, बर्फ आहे का तिथे?

"उन्हाळा शे, ताई," तो म्हणाला.