दहापट झूम

अहेरीतल्या आमच्या स्टुडिओसाठी पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला मी चंद्रपूरला गेलो, तेव्हा दुकानदाराने माझ्यापुढे दोन छोटे कॅमेरे ठेवले. एकाचा झूम दहापट, पण आतला, ज्यावर चित्र उतरतं तो सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. दुसऱ्याचा सेन्सर त्याहून मोठा, लेन्स जास्त उजेड घेणारी, झूम मात्र जेमतेम तिप्पट. संध्याकाळच्या मंडपात हा दुसराच कामाचा, असं त्याने मला दोनदा समजावलं. मी अक्कल गहाण ठेवून पहिला उचलला. बटण दाबलं की त्याची नळी सरसर बाहेर यायची, आणि लग्नघरचे लोक काम बघून नाही, नळी बघून ऑर्डर द्यायचे.

अब्बांनी कॅमेरा हातात घेतला आणि तसाच परत दिला. त्यांची सगळी उमर रुंद फिल्मच्या पेटी-कॅमेऱ्यावर गेलेली. चेहरा जेवढ्या जागेत उतरतो तेवढाच पुढे मोठा होतो, एवढंच ते म्हणाले. मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटली.

त्याच उन्हाळ्यात भामरागडच्या वाटेवरच्या एका गावात लग्नाचं काम मिळालं. दिवेलागणीला मी ऐटीत खुर्चीवर उभा राहिलो आणि पूर्ण झूम ताणून पार कोपऱ्यात हसत बसलेल्या मुली टिपल्या. तिथवर फ्लॅश पोचतच नव्हता. दुसरा कॅमेरा असता तर मुकाट्याने उतरून त्यांच्यापुढे जावं लागलं असतं.

पावसाळ्यात त्यातली एक मुलगी तापाने गेली. पुराने रस्ता बंद होता, दवाखाना गाठता आला नाही. रस्ता सुरू झाल्यावर तिची आई स्टुडिओत आली. पोरीचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. भिंतीवर लावायला एकटीचा मोठा करून द्या, म्हणाली.

मोठा केला तर चेहऱ्यावर नुसता रवा पसरल्यासारखा. नाक, ओठ कसेबसे कळत होते. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. आमच्या धंद्यात, वारलेल्या माणसाचा चेहरा कापून कोट-टायच्या धडावर बसवतात, आणि घरचे लोक तो फोटो खुशीने नेतात. मी तोच मार्ग धरला. दुसऱ्या एका लग्नातल्या, तिच्याच वयाच्या मुलीचे डोळे काढून तिथे बसवले. काम इतकं सफाईदार झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. त्या कौतुकाची आज किळस येते.

आईने फ्रेम उजेडाकडे धरली.

"हे डोये कोनाचे हायेत, भाऊ?"

तिचेच, असं मी सांगितलं. फ्रेम पदरात गुंडाळून ती बसकडे निघाली.

वर्षभराने ती आठवडी बाजारात दिसली. मी तोंड चुकवणार होतो, पण तीच जवळ आली. फोटो लावला का, असं काहीतरी मी विचारलं.

"लावला हाये. आता पोरीची याद आली का तेच डोये समोर येतेत. तिचे कसे होते ते आठवतच नाई. तुमी तं तिले पाह्यलं होतं ना, भाऊ? सांगा ना."

मी तिला जवळून कधी पाहिलंच नव्हतं.