पहिल्या बटणातला पियानो

ऑर्केस्ट्रात सगळे त्याला 'मशीन' म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. बावीस वर्षं तो कीबोर्ड वाजवत होता. लग्नं, वाढदिवस, कुणाच्या तरी निवृत्तीचा निरोप. चार-चार तास उभ्याने. एक सूर चुकत नसे, एक सूर वर-खाली होत नसे. गाणारी म्हणे, "मशीनच्या भरवशावर मी डोळे मिटून गाते." समोरचे लोक ताटात डोकं घालून बसलेले असत, त्यामुळे तिने डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, कुणाला पत्ता लागत नसे. पण कौतुक ते कौतुक.

दिवसा तोच कीबोर्ड मुलीच्या ताब्यात असे. मुलगी चौदा वर्षांची. आठवड्यातून एकदा, बुधवारी, ती पियानोच्या बाईंकडे जाई. बाईंकडे खराखुरा पियानो होता. मोठ्या संगीतशाळेच्या प्रवेशासाठी बाई दरवर्षी एकच नाव पाठवत, आणि यंदा ते आपल्याच पोरीचं, असं घरात धरून चालले होते.

त्या बुधवारी ती तोंड पाडून आली.

"बाई म्हणाल्या, मी टायपिंग करते."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं एकाच आवाजात. हलकं नाही, जोरात नाही. घरचा पियानो नीट करून घे म्हणाल्या. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी परत ऐकणार आहेत. तोवर फरक पडला नाही तर नाव पाठवणार नाहीत."

मशीनने यातलं 'पियानो नीट करून घे' एवढंच उचललं. आवाज नीट करणं हा तर त्याच्या हातचा मळ.

घरात जागा नाही म्हणून कीबोर्ड पलंगावर ठेवून वाजवला जाई, आणि त्याचे स्पीकर खालच्या अंगाला. म्हणजे उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. मशीनने कपाटाचं निखळलेलं लाकडी दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि कीबोर्ड त्यावर बसवला. मग घुमारा कमी केला. खोली दहा बाय दहाची आणि पियानो घुमतोय हजार खुर्च्यांच्या सभागृहात, हे काही खरं नव्हे. वरचे सूर काचेसारखे टोचत होते ते उतरवले, खालच्यांना जरा पोट दिलं. शेवटी ऑर्केस्ट्राचा मोठा स्पीकर आणून पलंगाच्या पायथ्याशी उभा केला. कामावरून आल्यावर पाय सुजलेले असत. दुपारची झोप काय ती हक्काची, ती या खटाटोपात गेली.

"अहो, आता पाय कुठं पसरायचे? स्पीकरवर?" बायकोने विचारलं. ती दवाखान्यात केसपेपर काढायची आणि दुपारी घरी यायची.

"आठ दिवस कळ काढ."

"बावीस वर्षं काढतेच आहे."

आवाज मात्र असा खुलला की समोरच्या शिंपीकाकांनी खिडकीतून विचारलं, "नवीन घेतला काय हो?" मशीनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या बुधवारी मुलगी तेच तोंड घेऊन परत.

"सांगितलंस ना, आवाज किती सुधारलाय ते?"

"बाबा, तिथं त्यांचा पियानो असतो. आपल्या आवाजाचं त्या काय लोणचं घालणार? माझे हात तसेच आहेत."

गुरुवारी दुपारी मशीन पलंगावर नुसता पडला होता. बायको धूळ झटकत होती. कीबोर्ड चालूच राहिला होता. तिने त्यावर फडकं फिरवलं आणि सगळ्या पट्ट्या एकदम किंचाळल्या. मशीन ताडकन उठून बसला.

"अगं, हळू!"

"याहून हळू कसं पुसू? फुंकर मारू?"

"परत पूस."

"काय?"

"परत पूस म्हणतो ना. अगदी हलक्या हाताने."

तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसं तिने फडकं फिरवलं. कीबोर्ड तेवढ्याच जोराने किंचाळला.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पुसायला सांगताय," ती म्हणाली. "बरं वाटतंय ना?"

त्याचं लक्ष नव्हतं. सेटिंगची पानं उलटत तो 'टच' या ओळीवर आला. समोर लिहिलं होतं: बंद.

बारा वर्षांपूर्वी, हा कीबोर्ड नवा घेतला तेव्हा, पहिल्याच कार्यक्रमात चौथ्या तासाला त्याची बोटं गळाली होती. हलके पडलेले सूर गडप व्हायला लागले आणि गाणारीने भर गाण्यात वळून डोळे वटारले. मधल्या सुट्टीत त्याने टच बंद केला. आता पट्टीला टिचकी मारा नाहीतर बुक्की, सूर तेवढाच. हे सगळं त्याने पहिल्या बटणावर साठवलं, चालू केलं की आपोआप तेच लागेल अशी सोय केली, आणि विसरला. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. त्याच्या मांडीवर बसून ती याच बटणावरचा पियानो बडवायला शिकली.

मुलगी शाळेतून आल्यावर त्याने तिला टचची ओळ दाखवून सांगितलं, "चूक माझी आहे."

"किती वर्षं?"

"बारा."

ती टच चालू करून वाजवायला बसली. निम्मे सूर गिळले गेले, उरलेले ताटं आपटल्यासारखे आले.

"आता तर आणखीच घाण वाजतंय!"

"सरक, दाखवतो." तो बसला. त्याचं करंगळीशेजारचं बोट तर मुकंच निघालं.

"बाबा, तू पण टायपिस्ट!" ती हसली, आणि लगेच हसायची थांबली. रविवारला तीन दिवस होते.

तीन दिवस ती शाळेआधी आणि शाळेनंतर बसली. रविवारी तोही सोबत गेला. बाईंनी मध्ये न थांबवता पूर्ण ऐकलं.

"आधी काहीच ऐकू येत नव्हतं. आता चुका ऐकू येतात, हे चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "पण तीन दिवसांत हात तयार होत नाही गं. यंदा नाही पाठवत."

"बाई, यात तिची चूक नाही," मशीन म्हणाला. "सेटिंग माझी होती."

"मग वर्षभर कीबोर्ड तिच्याकडे राहू द्या. तुम्ही हात लावू नका."

तो मान डोलावत राहिला. त्याच कीबोर्डवर घर चालतं, हे बाईंना कोण सांगणार?

घरी आल्याआल्या मुलीने कीबोर्ड चालू केला आणि टचच्या ओळीशी खुडबुड सुरू केली.

"पहिल्या बटणावर माझं ठेवते. जुनं पुसलं जाईल म्हणतोय हा. पुसू?"

"पूस."

"तुझं दुसऱ्यावर ठेवू? बंदच?"

मशीनने बोटं एकदा उघडली, मिटली. "बंदच ठेव. चार तास उभं राहायचं असतं, बाळा."

दोन्ही बटणं लावून झाल्यावर ती एकच पट्टी हलकी, मग आणखी हलकी दाबत बसली. आई फडकं घेऊन आली.

"पुसू का? की परत बोंबलेल?"

"पूस, आई."

फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. कीबोर्ड नुसता पुटपुटला. मशीनला तेही ऐकू आलं नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाला दोन तास होते, आणि तो स्पीकरवर पाय टाकून बसल्या जागी झोपला होता.