एक, दोन, पड

माझे मेहुणे यज्ञेश्वरराव मूकपटांत पडण्यासाठी प्रसिद्ध होते. जिन्यावरून, बैलगाडीतून, एकदा तर लग्नाच्या मांडवावरून. सोलापुरातली ड्रॉइंग मास्तरची नोकरी सोडून ते पुण्याच्या एका कंपनीत गेले आणि पाच वर्षांत सात विनोदी मूकपट काढले. दिग्दर्शक तेच, नटही तेच. त्यामुळे कॅमेरा चालू असताना स्वतःच मोठ्यांदा आकडे म्हणायचे. "एक, दोन, पड. तीन, दार उघड." बाकीचे नट त्या आकड्यांवर हलत. मूकपटात कुणाला काय ऐकू जाणार?

मग बोलपट आले आणि कंपनी बुडाली. हे परत आले तोवर शाळेनं दुसरा मास्तर नेमला होता. दोन वर्षं माझी बहीण प्रेमला लोकांचे पापड लाटून घर चालवत होती आणि हे गृहस्थ आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करत बसत. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

१९३४ साली अक्कलकोटच्या संगप्पा शेटजींनी सोलापुरात बोलपट काढायचं ठरवलं. एक प्रसंग करून दाखवायचा, जमला तर दिग्दर्शन यज्ञेश्वररावांकडे. आकडे निघू नयेत म्हणून त्यांनी महिनाभर तोंडात पाणी धरून पडायचा सराव केला. प्रेमला मला म्हणाली, "दादा, तू बरोबर जा. एवढं यांना जमू दे. मला आता सोसवत नाही रे."

एका आवारात लाकडी जिना उभारला होता, समोर कॅमेरा आणि आवाज टिपायचं मशीन. पहिल्यांदा संवाद झाला, पाय घसरला आणि तोंडातून खणखणीत "एक, दोन" निघालं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दात आवळले आणि पोतं पडावं तसे पडले. कुणीच हसलं नाही.

"आवाज ठीक हाय मास्तर," संगप्पा म्हणाले, "पण हसू येईना की. फिल्म बी संपली."

"मशीन नको. नुसतं बघा," म्हणत यज्ञेश्वरराव जिना चढले आणि आकडे म्हणत पडले. सगळी माणसं पोट धरून हसली. संगप्पा डोळे पुसत म्हणाले, "लई झ्याक. पण बोलपटात आकडं कसं चालंल?"

ते हसणं ऐकून यज्ञेश्वररावांना अजून आशा वाटली. ते पुन्हा चढले, पुन्हा पडले. सहाव्यांदा चढताना गुडघ्याचं रक्त धोतरावर उतरलं होतं, तरी ते "एक, दोन" म्हणतच होते, आणि मला, प्रेमलाच्या सख्ख्या भावाला, हसू आवरत नव्हतं.