सातव्या वर्षी परत येतात

माझ्या रुखमिणीमावशीच्या तावडीतून एकही पुस्तक धड सुटलेलं नाही. पुस्तकात नायक मेला, तर तिच्या तोंडून तो दवाखान्यातून बरा होऊन घरी येतो. सासूनं सुनेला हाकललं, तर मावशी वाचते की संध्याकाळी सासरा जाऊन तिला घेऊन आला. ऐकणाऱ्या बायका खूश होतात आणि लेखक बिचारा दूर कुठेतरी पुण्यात बसलेला असतो, त्याला पत्ता लागत नाही.

मोहाडीत तिच्या घराला छपरी आहे. दुपारी जेवणं उरकली की आठ-दहा बायका तिथं विड्या वळायला बसतात. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूपानं, तंबाखू, कात्री आणि धागा. हात कामात असतात, कान रिकामे. त्या कानांसाठी मावशी गेली वीस वर्षं वाचते आहे. वाचताना तिला विड्या वळता येत नाहीत, म्हणून प्रत्येक बाई आपल्या विड्यांतल्या थोड्या तिच्या टोपलीत टाकते. गोष्ट रंगली की टोपली लवकर भरते. रडारड फार झाली की हात थांबतात आणि टोपली तशीच राहते. मावशी गोष्टी गोड करते त्याचं अर्धं कारण हे.

उरलेलं अर्धं कारण वेगळं आहे. ती सव्विसाव्या वर्षी विधवा झाली. बातमी घेऊन आलेल्या माणसानं सायकलवरून न उतरता सांगितलं, "तुमचा माणूस गेला, मयत भंडाऱ्याले आहे," आणि लगेच प्यायला पाणी मागितलं. मावशीनं त्याला पाणी दिलं. त्याला ती आजही शिव्या देते. वाईट गोष्ट तोंडातून बाहेर काढायचीच नाही, असं तिनं तेव्हा ठरवलं असावं.

यात मला काही गैर वाटत नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोरांना खरं बोला म्हणून सांगते आणि मावशीची थापेबाजी मात्र मजेत ऐकते. मागच्या दिवाळीनंतर ते पुस्तक मीच तिला नेऊन दिलं, त्यामुळे पुढच्या सगळ्याचं खापर थोडं माझ्याही डोक्यावर आहे.

पुस्तक आमच्या शाळेतल्या टीना मॅडमचं होतं. त्या ख्रिस्ती, मूळच्या नागपूरच्या. इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर, कव्हर फाटून गेलेलं. जगाचा शेवट जवळ आलाय, देव आपल्या लोकांना एका क्षणात उचलून नेतो, त्यांचे कपडे तेवढे जागेवर राहतात आणि मागं राहिलेल्यांवर सात वर्षं संकटांमागून संकटं, अशी ती गोष्ट. एक पोलीस अधिकारी मागं राहतो. त्याची बायको आणि मुलगी गेलेली.

"माझ्या बाबांनी चार वेळा वाचलं," टीना मॅडम म्हणाल्या. "ते रडायचे. मी अर्ध्यावर सोडलं. देव माणसाला असा दचकवत नाही, असं मला वाटतं. बाबांशी यावरून माझं भांडणही झालं होतं. पण गोष्ट म्हणून पकड घेते, तुमच्या मावशीला आवडेल."

छपरीत त्या पुस्तकानं धुमाकूळ घातला. भर लग्नात नवरी नाहीशी होते आणि तिचा पांढरा पोशाख तसाच खाली कोसळतो, हे वाचल्यावर शकुनबाई खो-खो हसली. "कपडे सोडून नेते म्हणते! देवाले लाज नाई का वो?" उषाबाईची मात्र झोप उडाली. ती रात्री उठून नातवंडं जागेवर आहेत का ते चाचपू लागली. पुढं एक गोडबोल्या पुढारी येतो, हातावर खूण केल्याशिवाय कोणाला धान्य मिळणार नाही असा हुकूम काढतो, तेव्हा सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. राशनच्या दुकानात अंगठा उमटला नाही म्हणून उषाबाई दोनदा तांदळाविना परतली होती. तिला हे अगदी खरं वाटलं. शकुनबाईच्या लेकानं दुसऱ्या धर्माचं पुस्तक कायले वाचता म्हणून कुरकुर केली. मावशी त्याला म्हणाली, "विडी ओढतेस तवा तंबाखू कोनाचा ते पुसतेस का रे?"

या सगळ्यात कौशल्याबाई एक शब्द बोलत नव्हती. कोपऱ्यात बसून विड्या वळायची. तिच्या शेजारी तिची सून तृप्ती.

कौशल्याबाईचा अमर जानेवारी २०१८ मध्ये नाहीसा झाला. वैनगंगेच्या काठावर त्याचा सदरा आणि पँट सापडली, नीट घडी केलेली, वर चपला. तीन दिवस नावा फिरल्या, हाती काही लागलं नाही. गाव म्हणालं, बुडाला. कौशल्याबाई म्हणाली, त्याला पोहता येत होतं. तृप्ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. माहेरी गेली नाही. सासूजवळच राहिली, टिकली लावत राहिली.

कपडे जागेवर राहतात आणि माणूस वर जातो, हे ऐकल्यापासून कौशल्याबाईच्या सुपातल्या विड्या बिघडू लागल्या होत्या. मला ते दिसत होतं. मी शिक्षिका आहे, न बोलणारं पोर कशावर अडलंय ते मला कळतं. तरी मी काही केलं नाही.

एका रविवारी मी मावशीच्या मागं खांबाला टेकून बसले होते. पान एकशे बारा. पोलीस अधिकारी घरी येतो आणि जमिनीवर पडलेला मुलीचा फ्रॉक उचलतो. कौशल्याबाईनं हातातली विडी खाली ठेवली.

"रुखमा," ती म्हणाली, "गेलेले मानसं वापस येतेत का?"

मावशीनं वर पाहिलं, मग पुन्हा पुस्तकात पाहिलं. आणि वाचल्याच्या सुरात म्हणाली, "गेलेली माणसं सातव्या वर्षी परत येतात. जशी गेली तशीच. वयानंही वाढलेली नसतात."

मला पान दिसत होतं. त्यावर असं काही नव्हतं. तिथं लिहिलं होतं की त्यानं फ्रॉकची घडी केली, कपाटात ठेवली आणि दार लावलं.

त्या दिवशी मावशीची टोपली काठोकाठ भरली. घरी येताना मला मनातून हसू येत होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

दोन आठवड्यांनी तृप्ती माझ्या शाळेत आली. मधली सुट्टी होती. ती व्हरांड्यात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, मावशीनं ते खरंच पुस्तकातलं वाचलं होतं का?"

मी विचारलं, काय झालं. तिनं सांगितलं. शहापूरचा प्रफुल्ल म्हणून एक जण आहे, हायवेवर पंक्चरचं दुकान, बायको वारलेली, लहान मुलगी. त्याच्याकडून लग्नाची विचारणा आली होती. सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कोर्ट त्याला मेलेला धरतं, असं वकिलानं सांगितलं होतं. सात वर्षं संक्रांतीला पूर्ण झाली आणि अर्ज गेला. कौशल्याबाईही आढेवेढे घेत का होईना, तयार झाली होती. कोर्टात येऊन एवढंच सांगायचं होतं की पोराची काही खबर नाही.

"आता मनते, सातवं वर्ष भरलं, आता तो येऊन राहिला. मनते कोर्टात सांगीन, माहा पोरगा जित्ता हाय. त्याच्यासाठी सदरा शिवाले टाकला मॅडम." तृप्ती निघायला वळली. "गुरुवारी तारीख हाय."

घंटा झाली. मी पोरांना वर्गात बसवलं आणि त्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी मावशीवर तुटून पडले. आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्या तोंडाला काही लगाम आहे का, पुस्तकातली माणसं मारलीस-तारलीस ते ठीक, ही जिवंत बाई आहे, तिची सून जिवंत आहे. मावशी चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "तिनं माह्याकडं पाहिलं वो दीपा. काय सांगू मी तिले? नाई येत म्हनून सांगू?"

"हो. तेच लिहिलं होतं."

"मंग लिवनाऱ्यानं सांगावं न येऊन तिले," मावशी म्हणाली आणि रडायला लागली. मला तिची कीव आली आणि रागही गेला नाही. मी तिला म्हटलं, परवा गुरुवार आहे, उद्या सगळ्यांसमोर सांगायचं. ती हो म्हणाली.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून छपरीत गेले. सगळ्या आल्या होत्या. मावशीनं पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं नाही.

"कौशल्या," ती म्हणाली, "ते सातव्या वर्षाचं मी आपल्या मनानं लावलं. पुस्तकात नाई ते."

कोणाचा हात हलेना. कौशल्याबाईनं मावशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग शेजारी बसलेल्या तृप्तीकडं. तिचा चेहरा कठीण झाला.

"तुले या पोरीनं सांगाले लावलं."

"नाई वो, देवाशपथ..."

"तुमी साऱ्या एक झाल्या. माहा पोरगा यायच्या टायमाले त्याले मारून टाकता." सूप मांडीवरून सरकलं, तंबाखू सांडला. "वीस वर्सं वाचून राहिली तू, तवा खोटं नाई वाचलं. आजच कशी खोटी झाली?"

वीस वर्षांत तिनं किती खोटं वाचलं ते त्या बायकांना कोण सांगणार होतं? शकुनबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कौशल्याबाईनं हातानं तिला थांबवलं. मग मावशीच्या मांडीवरचं पुस्तक ओढून तिनं तृप्तीपुढं धरलं.

"तू वाच. दहावी झालीस न? तुले मोकळं व्हाचं हाय, तुलेच वाचू दे. माह्या तोंडाकडं पाहून वाच."

पान मी काढून दिलं. एकशे बारा. मनात म्हटलं, सुटली ही, आता खरं काय ते वाचेल आणि एकदाचं संपेल.

तृप्तीनं ओळी पाहिल्या. ओठ न हलवता सगळं पान वाचलं. मग सासूकडं पाहिलं. कौशल्याबाईच्या डोळ्यांत जे होतं ते मला बघवेना, मी मान वळवली.

"गेलेली माणसं," तृप्ती वाचू लागली. पुढं तिला शब्द सापडेना. "सातव्या वर्षी परत येतात. जशी गेली तशीच."

उषाबाईनं तोंडावर पदर घेतला. मला ओरडावंसं वाटलं, की बाई, काय करतेस, उद्या तारीख आहे. मावशी खाली मान घालून बसली होती.

"अजून काय लिवलं हाय?" कौशल्याबाईनं विचारलं.

"एवढंच हाय, आई."

कौशल्याबाईनं तिच्याकडं पाहिलं. तृप्तीनं नजर खाली वळवली नाही, पण तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलंही नाही. मग कौशल्याबाईनं पुस्तक तिच्या हातातून घेतलं, मिटलं, मावशीला परत दिलं. सांडलेला तंबाखू गोळा केला आणि विडी वळायला घेतली. धागा तीनदा तुटला. त्या दुपारी कोणी काही वाचलं नाही.

गुरुवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो. मावशीही आली, सगळ्यांच्या मागं चालत होती. वकिलाचं तोंड उतरलेलं होतं. म्हातारी काय बोलेल याचा नेम नाही, असं तो मला दोनदा म्हणाला. तृप्तीनं माझा हात धरला होता. प्रफुल्ल कोर्टाच्या आवाराबाहेर मुलीला घेऊन थांबला होता, आत येणं बरं दिसत नाही म्हणून.

नाव पुकारलं. कौशल्याबाई पिंजऱ्यात उभी राहिली, कठडा दोन्ही हातांनी धरून. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, सात वर्षांत मुलाची काही चिठ्ठी, फोन, कोणाकडून निरोप?

"नाई साहेब. काहीच नाई."

वकिलानं सुस्कारा सोडला. पण साहेबांनी कागद चाळून पुन्हा विचारलं, "तुम्ही तो जिवंत आहे असं लोकांना सांगता, असं कळतं. तो परत येईल असं तुम्हाला वाटतं का?"

तृप्तीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. कौशल्याबाईनं मागं वळून सुनेकडं पाहिलं. मग साहेबांकडं वळली.

"येईल साहेब. मले त वाटते, येईल. पन ते माहं माह्यापाशी. या पोरीले आता थांबवू नका." तिनं पदर सावरला. "आला त मी सांगीन त्याले, का तुह्या बायकोचं लगन मीच लावून देल्लं."