अक्काला आणायची गाडी

"तुझ्या हातात कला आहे," असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. समोरच्याला वाटतं, हा माणूस लाजतोय. लाजबिज काही नाही. हाताने काही बनवता येणं चांगलंच, पण बनवत बसण्याचा नाद वाईट असतो, आणि त्या नादात मी काय घालवलं ते मला ठाऊक आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी असोद्याहून रोज मोटारसायकलने जळगावला जायचो आणि एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचो. घरी आबा, माय आणि मी. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का दोंडाईच्याला दिलेली. ती सासरी गेल्यावर वर्षाच्या आतच 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठा' म्हणायला लागली, तेव्हा आम्ही तिला फार चिडवायचो. तू आता आमची राहिली नाहीस, दोंडाईच्याची झालीस, असं मी म्हणालो की ती माझ्या पाठीत धपाटा घालायची. मला लहानपणी तिनेच खांद्यावर वागवलं होतं. त्यामुळे तिचा धपाटा मला कधी लागला नाही.

अक्काच्या हृदयाची झडप खराब होती. लहानपणच्या सांधेदुखीच्या तापाचं ते देणं, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. चार पायऱ्या चढली की तिला दम लागायचा. या दुखण्यापायी दोन वर्षं ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नव्हती. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही, तर घरातल्या बाईला ते घर घर वाटत नाही. गावभरच्या पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि ज्या घरची लेक आली नाही त्या घरची माय दार लोटून घेते. आमच्या मायने दोन वर्षं दार लोटून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी चैत्रातच ती मला म्हणाली, की यंदा तू मुऱ्हाळी जा आणि तिला घेऊन ये, मग पुढचं पुढे बघू. मुऱ्हाळी म्हणजे बहिणीला सासरहून आणायला जाणारा भाऊ. त्याचा मान मोठा असतो. तो कसा आला, कशातून आला, याची सासरच्या गल्लीत आठवडाभर चर्चा चालते.

दोंडाईच्याहून जळगावला सरळ रेल्वे आहे. माय म्हणाली, रेल्वेनेच आण. मी म्हटलं, गर्दीत तिला चढवू कुठे, उतरवू कुठे, मी गाडीने आणतो. त्याच हिवाळ्यात एका केळीच्या व्यापाऱ्याच्या वाड्याशेजारी पडून राहिलेली जुनी पेट्रोल गाडी मी घेतली होती. तिला रंग लावला होता, सीट शिवून घेतल्या होत्या. अक्काला मागच्या सीटवर उशी देऊन निजवत आणायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या गल्लीत गाडीचा हॉर्न वाजवायचा, हेही पक्कं केलं होतं.

पण गाडी उन्हात चालेना. सकाळी ठीक चालायची, दुपारी जरा चढ आला की हुंदके द्यायची. आमच्या वर्कशॉपमधला मिस्तरी म्हणायचा, हिला दम लागतो, हिला हवा पुरत नाही. कार्बोरेटरवर पत्र्याचा गोल डबा असतो, त्यातून गाळून हवा आत जाते. त्या डब्याची वाट वाकडी, तोंड बारीक आणि आत वीस वर्षांचा गाळ. माझ्याकडे भंगारवाल्याकडून आणलेलं एक इंग्रजी मोटारींचं मासिक होतं. त्यात शर्यतीच्या गाड्यांचा हा डबा काढून टाकलेला दाखवला होता. त्याजागी एक आखूड, रुंद नळी, तोंड सरळ पुढच्या जाळीकडे. गाडी पळाली की वारा आपणच नळीत घुसतो, असं त्याचं तत्त्व. चित्र पाहिलं आणि मी वेडा झालो.

आखाजीला अजून वीस-बावीस दिवस होते. पहिली नळी मी केळीच्या बागेतल्या प्लास्टिकच्या पाइपची केली. आमच्याकडे पाइपाला काय तोटा. छान कापली, गरम करून वाकवली, ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा चढवून क्लिपने आवळली. दोन दिवसांत इंजिनच्या धगीने ती मऊ पडली आणि मेलेल्या सापासारखी लोंबायला लागली. मग कंदील आणि नरसाळी बनवणाऱ्या माणसाकडून पत्र्याची नळी करून घेतली. ती थरथरून सांध्यात फाटली. तिसरी मी स्वतः लेथवर केली, तुषार सिंचनाच्या ॲल्युमिनियमच्या पाइपमधून. इतकी गुळगुळीत झाली होती की मी ती रात्री उशाशी ठेवली नाही एवढंच. या सगळ्यात बारा-तेरा दिवस गेले. पहिली नळी लोंबली त्याच दिवशी मी अक्काला कार्ड टाकलं होतं: गाडीचं काम जरा राहिलंय, दम धर, झालं की निघतोच. तिचं उत्तर आलं, की दम धरूनच बसले आहे, तू घाई करू नको, नीट कर. मी ते कार्ड मिस्तरीला वाचून दाखवलं आणि दोघं हसलो. काय लिहून गेलो हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता राहिली गाळणी. मिस्तरीचं म्हणणं, तेलात भिजवलेला फोम लाव. मी ऐकलं नाही. आमच्या घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. कान दुखला की कापूस, जखमेवर कापूस, समईत कापूस. मायने वातींसाठी सरकी काढून ठेवलेला स्वच्छ कापूस कोनाड्यात होता. मी दोन चहाच्या गाळण्या समोरासमोर ठेवल्या, मध्ये तो कापूस पिंजून भरला आणि नळीच्या तोंडावर बसवला. धुळीचा एक कण आत जायचा नाही. मिस्तरीने एकदा सांगून पाहिलं, की सुटा तंतू इंजिन ओढून घेतं. मी त्याला म्हणालो, कापूस काय असतो ते तू मला शिकवू नको. कपाशीच्या शेतात वाढलेल्या माणसाची ही घमेंड होती. आबा कौतुकाने म्हणाले, आपल्या शेतातला कापूस लागला बरं गाडीला.

गाडी सुरू केली तर आवाजच बदलला होता, भरदार झाला होता. असोद्याच्या रस्त्यावर मी तिला पळवली आणि शपथेवर सांगतो, ती पळाली. खरंच पळाली की मला तसं वाटलं, ते आता कळायला मार्ग नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. धरणगाव गेलं, अंमळनेर गेलं. मी गाणं म्हणत होतो. अंमळनेरच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर गाडीने एक हुंदका दिला, मग दुसरा, आणि ती उभी राहिली. नळी काढून पाहिलं तर गाळणीतला कापूस निम्मा झाला होता. उरलेला कार्बोरेटरच्या पोटात होता. पेट्रोल फवारणाऱ्या जेटच्या बारीक भोकांत तंतू असे वळून बसले होते, जशा मायने वाती वळाव्यात. झाडाची सावली नाही, लू सुटलेली. तार घालून, तोंडाने फुंकून, पेट्रोलने धुऊन मी एकेक तंतू काढत बसलो. तोंडाला फोड आले. गाडी सुरू व्हायला चार तास लागले. पुढचा रस्ता मी गाळणी न लावताच गेलो.

दोंडाईच्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. हॉर्न वाजवायचं भान राहिलं नव्हतं. अक्का ओट्यावर बसलेली होती. सकाळी सातपासून नवीन लुगडं नेसून, पिशवी मांडीशी घेऊन ती तिथेच बसली होती. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, चारदा आत चल म्हटलं होतं, पण ती उठली नाही. भाऊ आला की मी ओट्यावर दिसले पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिचे पाय सुजले होते आणि ओठ निळसर झाले होते. तरी तिने बॉनेट उघडायला लावलं, नळीवरून बोट फिरवलं आणि हसली. लगेच निघू म्हणाली. दाजी म्हणाले, आता उन्हात नको, उद्या पहाटे गारव्यात जा. मीही तेच म्हणालो.

पहाटे तिला उठता येईना. श्वास वर वर चालला होता. आखाजीच्या दिवशी माझ्या गाडीत उशी देऊन मी तिला निजवलं खरं, पण जळगावच्या नाही, धुळ्याच्या रस्त्याने. दाजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गाडी त्या दिवशी एकदाही अडखळली नाही. इतकी ती सुरेख चालत होती की मला तिचा संताप आला. दवाखान्यात चौथ्या दिवशी अक्का गेली. मायला तिचं तोंड दिसलं ते ती गेल्यावरच.

दशक्रियेनंतर मी दोंडाईच्यातच दोन दिवस राहिलो. दाजी फारसं बोलणारे नव्हते. ओट्यावर आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. मला दोष द्यायचा त्यांचा हेतू नव्हता. उलट भावा-बहिणीची माया कशी होती ते त्यांना सांगायचं होतं. आखाजीच्या आधी पंधरा-सोळा दिवस अक्का पुष्कळ बरी होती, ते म्हणाले. सूज उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की ऊन वाढायच्या आत रेल्वेने माहेरी नेऊन या, तिथे आराम पडेल. दाजी स्वतः रजा काढून सोडायला तयार होते, पिशवीही भरली होती. पण ऐन वेळी तीच अडून बसली.

"मना भाऊ गाडी लई येई," ती त्यांना म्हणाली होती. "तो इतला राबी राहिना, तेनं मन मोडानं नही. माले रेल्वेमा नही जानं."

भाऊ गाडी घेऊन येईल, तो एवढा राबतोय, त्याचं मन मोडायचं नाही, म्हणून तिला रेल्वेने जायचं नव्हतं. ते पंधरा दिवस म्हणजे माझ्या तीन नळ्यांचे दिवस. मी तेव्हाच जाऊन उभा राहिलो असतो, रेल्वेने, बसने, नाहीतर मोटारसायकलवर, तर ती महिनाभर तरी मायजवळ राहिली असती. जगली असती असं मी म्हणत नाही. पण झोका तिने पाहिला असता.

दाजी काय बोलले ते मी घरी सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं माय आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, की माझ्या लेकाने बहिणीला आणण्यासाठी स्वतःच्या हाताने गाडी नीट केली होती, असा भाऊ कुणाला मिळत नाही. तिने हे सांगायला सुरुवात केली की मी काहीतरी निमित्त काढून तिथून उठून जायचो.