तबेल्यातला ट्रॅक्टर आणि पाचवी माळ

त्या वर्षी नवरात्रात घट बसवायला माझं मन तयार नव्हतं. सकाळी परडीत माती पसरली, धान्य पेरलं, दिवा लावला, पण हात जोडले तेव्हा आत काहीच हललं नाही. एकच विचार येत होता, आई, पुढच्या वर्षी हा घट मी कुठल्या घरात बसवणार?

आम्ही तेव्हा आरे कॉलनीच्या कडेला एका शेठच्या तबेल्यात राहत होतो. गिरण्यांचा संप लांबला, आमच्या यांची नोकरी गेली, आणि गावच्या ओळखीने यांना तिथे ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून घेतलं. राहायला म्हशींच्या गोठ्यामागे एक खोली मिळाली. ट्रॅक्टर फार जुना, परदेशी बनावटीचा, त्याचा लाल रंग उडून विटकरी झालेला. मागच्या ट्रॉलीत शेण भरून खड्ड्यापर्यंत न्यायचं आणि दांडा ओढायचा, की तेलाच्या जोरावर ट्रॉली एका बाजूने उचलली जायची आणि शेण आपोआप खाली घसरायचं. याला सगळे हायड्रोलिक म्हणत. गणपती गेले आणि तेच बिघडलं. ट्रॉली अर्धी उचलायची, थरथरायची आणि तिथेच अडायची. पंप असा किंचाळायचा की म्हशी बिचकायच्या.

यांनी आणि जोगेश्वरीहून येणाऱ्या मिस्त्रींनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. तेल बदललं, जाळी धुतली, ट्रॉली उचलणाऱ्या जॅकची रबरं नवी घातली. पंप खोलला तर तो चांगला निघाला. तेल मात्र साबणाच्या पाण्यासारखं फेसाळलेलं असायचं. "एक थेंब कुठे गळत नाही, मग जोर जातो कुठे?" असं म्हणत दोघे पुन्हा पुन्हा ट्रॅक्टरखाली आडवे व्हायचे. शेठ एकदाच बोलले. दसऱ्यापर्यंत चालला तर ठीक, नाहीतर ट्रॅक्टर भंगारात देऊन शेणासाठी बाहेरचा टेम्पो लावणार. टेम्पोबरोबर त्याचा ड्रायव्हर येतो. म्हणजे यांचं काम जाणार आणि कामाबरोबर खोलीही जाणार.

मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात स्वभाव लाजाळू. बाहेर पुरुष माणसं बसली असली की मी चहाचे कप उंबऱ्यावर ठेवून आत वळायची. जे बोलायचं ते देवीशी. पण त्या दिवसांत तिच्याशीही माझं धड बोलणं होत नव्हतं. एवढं केलंस तरच मी तुला मानीन, असं काहीतरी मनात यायचं आणि माझीच मला भीती वाटायची. हे मला चिडवायचे, "तुझ्या देवीला विचार ना जरा. हवा तर पाना मी देतो."

पाचव्या माळेच्या दुपारी मी दारात झेंडू ओवत बसले होते. एक म्हातारी आली. घाटावरची असावी, नऊवारी लुगडं, काखेत बोचकं.

"लेकी, वाईच पाणी देतीस का? बस चुकली बघ माझी."

मी तांब्या दिला. ती पायरीवर बसून पाणी पीत होती, तेवढ्यात गोठ्यापलीकडे ट्रॅक्टर सुरू झाला आणि पंप ओरडायला लागला. म्हातारीने मान तिकडे वळवली.

"त्यो हवा पितोय बाई."

"कोण?"

"तुमचा ट्याक्टर. आमच्या हिरीवरचा पंप असाच बोंबलायचा. पाणी चढंना. समदी म्हणाली पंप गेला. त्याला काय धाड भरलीया? पाणी वढायच्या पायपाला सांध्यात बारीक चीर पडली हुती. तिथनं पाणी गळत न्हाई गं, हवा आत जाती. मग ती दिसावी कशी? सासऱ्यानं शेणानं सांधा लिंपला, तवा आवाज बसला."

"आजी, एवढं त्यांना सांगता का?"

"मी कशाला? माझी बस यील. नवरा तुझा हाय न्हवं? तू सांग." तांब्या माझ्या हातात देऊन ती उठली आणि फाटकाकडे चालू लागली.

मी बराच वेळ तशीच बसले. बाहेर हे होते, मिस्त्री होते, गोठ्यातली दोन माणसं होती. तिथे जाऊन ट्रॅक्टरबद्दल मी काय बोलणार? मग कोण जाणे कशी, उठले. शब्द सापडणार नाहीत या भीतीने ओंजळीत शेणाचा गोळाच घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

हे म्हणाले, "अगं, आत जा. काय हे?"

मिस्त्री हसले. "काय वहिनी, ट्रॅक्टरवर गोवऱ्या थापायच्या का?"

सगळेच हसले. इंजिन चालू होतं, त्यामुळे आवाज मोठा काढावा लागला. म्हातारीचं बोलणं मी एका दमात सांगून टाकलं. बोलताना कोणाकडेही पाहिलं नाही.

मिस्त्रींनी वाकून पंपाच्या पाइपाला हात लावला. मग यांना म्हणाले, "यार, बात बरोबर आहे ना. आपण बाहेर काय गळतं तेच शोधत बसलो." आणि मला म्हणाले, "पण शेण नको वहिनी. आत ओढलं गेलं तर पंपाची वाट लागेल. ग्रीस लावून बघू."

तेल ओढून घेणाऱ्या पाइपला त्यांनी एकेका जागी ग्रीस चोपडलं. दोन सांधे झाले, काही फरक नाही. तिसऱ्या जागी, पाइप वळतो तिथल्या पट्टीखाली, बोट फिरवलं आणि किंचाळी उतरत उतरत नुसती घरघर राहिली. इंजिन बंद करून पट्टी काढली तर खाली केसाएवढी चीर होती. दुसऱ्या दिवशी नवा पाइप बसला. तेलातला फेस विरला आणि भरलेली ट्रॉली न थरथरता पुरती उचलली गेली.

"उद्यापासून वहिनींना गॅरेजवर पाठव रे," मिस्त्री म्हणाले. "चहा आपण करू."

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. आमची खोली राहिली.

त्या म्हातारीला मी नंतर बसथांब्यावर शोधत असे. ती पुन्हा दिसली नाही. तिला मी देवी म्हणत नाही. ती तहानलेली होती, तिची बस चुकली होती आणि तिला पंपाचा आवाज ओळखू आला. पण बस नेमकी तिथे का चुकावी, आणि जन्मात चारचौघांत न बोललेली मी त्या दिवशी का उठावी, हे मला सांगता येत नाही. तोवर मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं. गप्प बसणं मला सोयीचंही होतं. देवीने मात्र माझ्याकडून नेमकं तेच काढून घेतलं, आणि त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे.

ओंजळीत शेण घेऊन उभी होते तेव्हा म्हातारीचं बोलणं खरं निघेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. घर राहील की जाईल, लोक किती हसतील, यातलं काहीही त्या घटकेला माझ्या मनात नव्हतं. सांगायला पाठवलंय तर सांगायचं, एवढंच होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढाच वेळ मी पूर्ण देवीची होते.