ताईने दिलेला डबा

भावोजींचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूचा काप पाहत होतो. "ताई गेली रे," ते म्हणाले. मी "बरं" म्हणालो. उरलेल्या काचा धुतल्या, टेबल पुसलं आणि बिबवेवाडीला ताईच्या घरी निघालो. रडू आलं नाही. काही आठवडे झाले, अजून आलेलं नाही.

ताई शाळेत गणित शिकवायची. एकदा पेपर तपासताना तिला लाल शाई फिकी दिसू लागली. दुकानदाराशी भांडून तिने पेन बदलून आणलं. मग सहज एक डोळा झाकून पाहिलं, तर दुसऱ्याला शाई चांगली लाल दिसत होती. दोष पेनात नव्हता... मल्टिपल स्क्लेरोसिसची ती सुरुवात. यात शरीराच्या रक्षक पेशीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात, मेंदूत जागोजागी दाह होतो. आधी डोळा, मग पाय, मग बोटांत खडूही टिकेना.

मी नेमका याच दाहावर काम करतो. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेचे रेणू असतात आणि त्यांना धरून ठेवणारी गॅलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ती मेंदूतल्या रक्षक पेशींना कधी शांत करतात, कधी चिथावतात. त्यांतलं एक तर तुटलेल्या आवरणाचा कचरा उचलायला मदतही करतं आणि दाह धुमसतही ठेवतं. ताईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीच की! भांडण लावणार तेच, मिटवायला येणार तेच."

"अगं, खिडकी उघडी आहे," भावोजी हळूच म्हणाले.

"असू दे. ऐकतील तर सुधारतील."

मी गेलो की तिचा पहिला प्रश्न, "काय म्हणतायत तुमची प्रथिनं?" मी उंदरांचं सांगायचो. माणसांपर्यंत पोचायला वेळ लागेल, म्हणायचो. "उंदीर बरे होतायत ना? चांगलं आहे," एवढंच ती म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर निघताना तिने एक स्टीलचा डबा पुढे केला. झाकणावर तिचं नाव कोरलेलं. चिवडा असेल म्हणून उघडला, तर रिकामा.

"मी गेले की माझा मेंदू यातून ने. उंदरांचे किती दिवस बघणार? आणि डबा परत आण. तुझ्याकडे गेलेला डबा कधी परत येत नाही."

मी हसलो. भावोजी उठून आत गेले. ताई हसत नव्हती.

"करशील ना रे?"

"बघतो," मी म्हणालो. पुण्यात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला असणार.

मेंदू स्वीकारणाऱ्या संस्था असतात, संमतीचे कागद आधी करून ठेवावे लागतात. मी एकही फोन केला नाही. फोन करणं म्हणजे ती जाणार हे मान्य करणं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे तिच्या मेंदूचा काप कधी माझ्या भिंगाखाली आला तर... याची मला भीती वाटत होती.

ती गेली त्या दिवशी भावोजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ती तुला काही म्हणाली होती ना? कुणाला फोन करायचा?" उंदराचा मेंदू मी क्षणाचाही उशीर न करता काढून ठेवतो. उशीर झाला की त्यातलं काही धड वाचता येत नाही. आणि मी त्यांना म्हणालो, "तसं काही होत नसतं, भावोजी." झालं असतं का? माहीत नाही. मी कुणाला विचारलंच नव्हतं. मग आम्ही तिला विद्युतदाहिनीत नेलं.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. परवा मी डब्यात साखर घातली आणि भावोजींकडे गेलो. म्हणालो, "होत असतं, भावोजी. मीच काही केलं नाही."

ते डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. साखर ताईच्या साखरेच्या बरणीत ओतली. डबा धुतला, कोरडा पुसला आणि रिकामाच माझ्या हातात दिला.

"तिने तुला दिला होता," म्हणाले.

तो आता माझ्या सूक्ष्मदर्शकाशेजारी आहे. त्यात मी अजून काही ठेवलेलं नाही.